देवावर भरवसा आहे, मग पहाटे तीनला जाग का येते?

वाचकाचं पत्र:

‘राम कृष्ण हरि. मी ४७ वर्षांचा, चिंचवडला राहतो. भोसरी एमआयडीसीतल्या एका कंपनीत २१ वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. आमची लाइन बंद होणार असं गेल्या महिन्यात सांगितलं. एचआरने बोलावून घेतलं, ‘राजीनामा लिहून द्या, हिशेब लवकर करून टाकू’ म्हणाले. अजून सही केलेली नाही. घराच्या कर्जाचे सहा वर्षांचे हप्ते बाकी आहेत, मुलगी बारावीला आहे, बायकोला शुगर आहे. तिला ‘कंपनीत जरा मंदी आहे’ एवढंच बोललोय. मूळ पगार आणि डीए मिळून २६ हजार आहे, घरखर्चाची यादी सोबत जोडतोय. बँकेत ७० हजार शिल्लक आहे.

मी माळकरी आहे. वडिलांपासून घरात हरिपाठ आहे, एकादशी आहे. तरी रोज पहाटे तीनला जाग येते आणि छातीत धडधडतं. शेजारचे काका म्हणतात, ‘माळ घातलीस ना? मग ठेविले अनंते तैसेचि राहावे. काळजी वाटते म्हणजे विश्वास कमी पडतोय.’ देवापुढे दोन चिठ्ठ्या टाकल्या, ‘नोकरी शोध’ आणि ‘थांब’. आधी ‘नोकरी शोध’ आली. मन मानेना म्हणून पुन्हा टाकल्या, तर ‘थांब’ आली. आता तीन महिने अनुष्ठान करावं आणि मगच काय ते बघावं असं चाललंय. ओळखीच्या गुरुजींनी ३५ हजारांची शांत सांगितलीय. मेहुणा महिन्याला दहा हजार पाठवतो म्हणतो, पण हात पसरायला जीव होत नाही. माझा भरवसा खोटा आहे का? माळेचा दोराही विरत आलाय. काढूनच ठेवू का, असंही मनात येतं.’

राम कृष्ण हरि, माउली.

आधी घाईचं सांगतो, कारण ते तुमच्या प्रश्नांत नाही आणि तेच सगळ्यात महाग पडेल. त्या राजीनाम्यावर सही करू नका. कंपनी तुम्हाला कमी करत असेल तर ती कामगारकपात होते. वर्षाहून जास्त सलग काम केलेल्या कामगाराला कपातीत किमान एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार नुकसानभरपाई म्हणून मिळतो. तुम्ही स्वतःहून राजीनामा दिलात की ही भरपाई मागायचा आधारच जातो. निव्वळ मूळ पगार आणि डीएवर, म्हणजे हात राखून हिशेब केला, तरी १३ हजार गुणिले २१ म्हणजे २ लाख ७३ हजार होतात. तुमच्या घराचा जवळजवळ आठ महिन्यांचा खर्च त्या एका सहीत आहे. ‘लवकर करून टाकू’ या शब्दांना भुलू नका. ‘जे काय ते लेखी द्या’ एवढंच म्हणा, नम्रपणे म्हणा, आणि दिलेला कागद घेऊन पुण्यातल्या कामगार आयुक्त कार्यालयात किंवा कामगार कायदा बघणाऱ्या वकिलाकडे जा. तुमचं पद ‘कामगार’ या व्याख्येत बसतं का, हे ते नेमणूकपत्र बघून सांगतील. पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम काय करता ते इथे बघितलं जातं, म्हणून रोजच्या कामाचं वर्णनही एका पानावर लिहून न्या.

ग्रॅच्युइटी मात्र राजीनामा दिला तरी बुडत नाही, पाच वर्षं भरलेली असली की झालं. तिचं सूत्र असं: शेवटचा मूळ पगार अधिक डीए, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. तुमचे २६ हजार भागिले २६ म्हणजे एक हजार, गुणिले १५ म्हणजे १५ हजार, २१ वर्षांचे ३ लाख १५ हजार. देय झाल्यापासून ३० दिवसांत ती मिळायला हवी.

आता तुम्ही जोडलेली यादी. हप्ता ११,८००, किराणा-दूध-भाजी ८,५००, मुलीचा क्लास ५,०००, वीज-गॅस-मोबाइल ३,२००, सोसायटी २,०००, पेट्रोल २,०००, औषधं १,५००, किरकोळ १,०००. बेरीज ३५ हजार. म्हणजे ग्रॅच्युइटी नऊ महिने पुरते, बँकेतली शिल्लक दोन महिने, भरपाई मिळाली तर आणखी जवळपास आठ. पीएफला हात न लावता हे दीड वर्ष झालं. पीएफ आज काढूच नका. तुमची पेन्शन योजनेतली दहा वर्षं कधीच भरली आहेत, ५८ व्या वर्षी त्यातून पेन्शन सुरू होते. पीएफची रक्कम आहे तिथे व्याज घेत बसेल.

‘मी देवाचं विचारलं, यांनी पगाराचं काढलं’ असं तुम्हाला वाटलं असेल. पण तुम्ही आयुष्यभर क्वालिटीला आहात. मायक्रोमीटर लावल्याशिवाय जॉब, म्हणजे मशीनवरून आलेला भाग, हातात धरून ‘ओके’ म्हणत नाही आणि ‘रिजेक्ट’ही म्हणत नाही. ही काळजी मात्र महिनाभर मोजल्यावाचून उशाशी ठेवली आहे. न मोजलेली काळजी पहाटे तीनला आभाळाएवढी होते. मोजली की तिला अंगण मिळतं: किमान अकरा महिने, बहुतेक दीड वर्ष. त्यापुढचं काय, हे खरंच आपल्याला ठाऊक नाही, आणि देवावर भार टाकायचा तो तिथे. आहेत त्या अकरा महिन्यांचा हिशेब देवावर टाकला तर त्याला भरवसा म्हणत नाहीत, पाकीट न उघडणं म्हणतात.

तुमच्या शेजारच्या काकांना आमचा दंडवत सांगा आणि त्यांनी म्हटलेल्या अभंगाचं दुसरं चरणही म्हणायला सांगा: चित्ती असो द्यावे समाधान. समाधान चित्तात असू द्यावं, असं तुकोबा म्हणतात. हात-पाय बांधून ठेवा असं त्यात कुठेही नाही. आणि ज्यांनी हे लिहिलं त्यांचं स्वतःचं आयुष्य बघा. १६३० च्या सुमाराच्या त्या भीषण दुष्काळात घरचं दुकान बसलं, दिवाळं निघालं, पहिली बायको अन्न अन्न करत गेली, मुलगा गेला. हे सगळं तुकोबांनी अभंगात उघड सांगितलं आहे, झाकलेलं नाही. देवाशी भांडले, रडले, रुसले. काळजी वाटणं हा अविश्वास असता तर त्यांची अर्धी गाथा अविश्वासाची म्हणावी लागेल.

याच संदर्भात परंपरेने जपलेली एक गोष्ट तुमच्या फार उपयोगाची आहे. विरक्ती आल्यावर तुकोबांनी सावकारीची खतं, म्हणजे कर्जाचे कागद, इंद्रायणीत बुडवली, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच गोष्टीतलं पुढचं कमी सांगितलं जातं. धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला, माझा संसार चालायचा आहे. तेव्हा कागदांचे दोन वाटे झाले. कान्होबाचा अर्धा वाटा कान्होबाच्या हातात दिला आणि फक्त आपला अर्धा पाण्यात सोडला. शिवाय ती खतं कसली होती? लोकांनी यांना द्यायच्या पैशांची. आपलं येणं त्यांनी सोडलं. आपलं देणं सोडलं नाही.

आता तुमचं तीन महिन्यांचं अनुष्ठान या मापाने बघा. तीन महिने नोकरी न शोधता बसायचं म्हणजे तुम्ही इंद्रायणीत काय सोडताय? बँकेचा हप्ता हे तुमचं देणं आहे. मुलीचं बारावीचं वर्ष हा तिचा वाटा. बायकोची औषधं तिचा वाटा. यातला एकही कागद तुमचा एकट्याचा नाही. स्वतःची झोप, आवडीचं जेवण, रविवारची सुट्टी, मानपान हे मात्र तुमचं आहे, ते हवं तेवढं सोडा. अनुष्ठान पहाटे पाच ते साडेसहा करा, तीन महिने काय, वर्षभर करा. नऊला मात्र नोकरीच्या कामाला बसा.

गीतेच्या अठराव्या अध्यायातला चौदावा श्लोक अशा वेळी आम्हाला फार आधाराचा वाटतो. कुठलंही काम घडायला पाच गोष्टी लागतात असं तिथे सांगितलंय: अधिष्ठान, कर्ता, करणं, चेष्टा आणि पाचवं दैव. पाचवं, बरं का. नाकारलेलं नाही, पण यादीत शेवटी आहे. तुमच्या बाबतीत अधिष्ठान म्हणजे हे शरीर: त्याची झोप, त्याचं जेवण. कर्ता तुम्ही. करणं म्हणजे साधनं: ड्रॉइंग वाचता येणं, हाइट गेज आणि सीएमएम या मोजमापाच्या यंत्रांवरचा हात, २१ वर्षांत कस्टमर ऑडिटला सामोरं गेल्याचा अनुभव. चेष्टा म्हणजे वेगवेगळ्या खटपटी. श्लोकात ‘विविध’ हा शब्द आहे, म्हणजे एकच अर्ज करून बसणं नव्हे. हे चार तुमच्याकडून पुरे झाले की पाचवा ज्याचा त्याच्यावर सोडायचा. तुमची सध्याची गत उलटी आहे. पाचव्याची काळजी दिवसरात्र आणि पहिल्या चाराला हात नाही. पहाटेची धडधड बहुतेक याचीच आहे. मनाला ठाऊक असतं की आपलं काम पडून आहे, आणि ते झोपू देत नाही.

यावर एक साधी कृती आहे. शंभर पानी वही घ्या. रात्री जेवणानंतर, झोपायच्या दोन तास आधी, पान उघडून मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे ‘माझ्याकडे’, उजवीकडे ‘पांडुरंगाकडे’. डोक्यात आहे ते सगळं लिहा, १५ मिनिटांच्या वर नको. यात बहुतेकांची एक चूक हमखास होते. ‘नोकरी मिळणं’ हे डावीकडे लिहिलं जातं. ते उजवीकडचं आहे, कारण नेमणूक दुसऱ्याच्या हातात असते. डावीकडे येईल ते ‘जुन्या पर्चेसवाल्या साहेबांना फोन, बुधवार सकाळ’. ‘मुलीला इंजिनिअरिंगला सीट लागणं’ उजवीकडे, ‘तिच्या जातीच्या-उत्पन्नाच्या दाखल्यांची तारीख बघणं’ डावीकडे. ‘हप्ता चुकणार नाही ना’ हे वाक्य फोडावं लागतं: ‘शनिवारच्या आत शाखेत जाऊन भेटणं’ डावीकडे, ‘मॅनेजर काय म्हणेल’ उजवीकडे. कसोटी सोपी आहे. ज्या वाक्याला वार आणि वेळ लावता येते ते डावीकडचं. डाव्या बाजूला रोज तीनपेक्षा जास्त कामं ठेवू नका. दहा लिहिली की दोन होतात, आठ राहतात, आणि ती आठ पुन्हा तीन वाजता उठवतात. उजव्या बाजूची यादी देवापुढे एकदा मोठ्याने वाचा, वही मिटा, देवघराजवळच ठेवा. उशाशी नको.

दुसरी चूक आठवड्याभराने होते: उजवीकडच्या गोष्टी हळूहळू परत मागितल्या जातात. सोपवून झाल्यावर रात्री पुन्हा ‘पण समजा नाहीच मिळाली तर’ सुरू होतं. तसं झालं तर नव्याने विचार न करता ‘हे वहीत आहे’ एवढं मनाशी म्हणा. सोपवणं एकदा करून संपत नाही. नैवेद्य रोज दाखवतो तसं ते रोजचं आहे.

डावीकडच्या पहिल्या आठवड्याची काही कामं आम्हीच सुचवतो. बँकेत पहिला हप्ता थकायच्या आधी जा, थकल्यावर नाही. कर्ज ९० दिवस थकलं की ते अनुत्पादक खात्यात जातं आणि मग शाखेच्या हातात फारसं काही राहत नाही. त्याआधी मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचं बोलणं होऊ शकतं. दुसरं, कंपनीचा मेडिक्लेम बहुधा शेवटच्या दिवसाबरोबर संपतो. वहिनींना शुगर आहे. नवी पॉलिसी घेतली तर आधीच्या आजारासाठी थांबण्याचा काळ पहिल्यापासून मोजला जाऊ शकतो. म्हणून नोकरीत असतानाच एचआरला आणि विमा कंपनीला विचारा की गटाची पॉलिसी वैयक्तिक करून मिळेल का. तिसरं, अनुभवपत्र, पगाराच्या स्लिपा, झालेल्या ट्रेनिंगची सर्टिफिकेटं आताच गोळा करा, गेटपास गेल्यावर त्यासाठी खेटे पडतात. चौथं, तुमच्या कंपनीला माल देणारे आणि तुमच्याकडून माल घेणारे, दोघांकडच्या क्वालिटीवाल्यांची यादी करा. ४७ व्या वर्षी नोकरी जाहिरातीपेक्षा ओळखीतून लागते. चाकण, तळेगाव, रांजणगावात अनुभवी इन्स्पेक्टरला काम मिळतं, थर्ड पार्टी इन्स्पेक्शन करणाऱ्या एजन्सीही पिकलेला माणूस घेतात. आठवड्याला पाच फोन, दोन प्रत्यक्ष भेटी. लाज वाटेल. पहिल्या तीन फोनला जास्त वाटते.

चिठ्ठ्यांचं. दोन सारख्याच चांगल्या वाटा समोर असतील, दोन्हीची तयारी असेल आणि मन ठरत नसेल, तेव्हा जुन्या लोकांनी चिठ्ठी टाकली तर ते समजू शकतं. तुम्ही चिठ्ठी टाकलीत ती कर्तव्य आणि टाळाटाळ यांच्यामध्ये. त्यातून पहिली चिठ्ठी पटली नाही म्हणून दुसऱ्यांदा टाकलीत, म्हणजे देवाला विचारलंच नाही, हवं ते उत्तर येईपर्यंत वाट बघितली. यात पाप वगैरे काही नाही, भ्यालेला माणूस असंच करतो. दोन्ही चिठ्ठ्या तुळशीत घाला आणि हा विषय संपवा. स्वप्नं, शकुन, पाल चुकचुकणं यांचा अर्थ लावणं पुढचे काही महिने पूर्ण बंद ठेवा. भीतीच्या दिवसांत माणसाला सगळीकडे खुणा दिसतात, आणि त्या भीतीच्याच बाजूने साक्ष देतात.

३५ हजारांची शांत करू नका. तुमच्या घराचा तो पूर्ण एक महिना आहे, मुलीच्या क्लासचे सात महिने आहेत. गुरुजींच्या हेतूवर आम्ही शंका घेत नाही. पण तुम्ही वारकरी घरातले आहात, आणि नामाला मोल पडत नाही हाच या वाटेचा पाया आहे. अमुक दे म्हणजे तमुक करीन, या नवसाच्या व्यवहारावर संतांनी सडकून टीका केली आहे. त्यामागे एक व्यवहारी कारणही दिसतं. सौदा फसला की माणूस देवालाच सोडतो. नोकरी सहा महिने लांबली तर तुमच्या मनात ‘एवढे पैसे घालून काय झालं’ हेच राहील. घरच्या घरी अभिषेक करा, पाण्याचा करा, फुलं वाहा.

आता पहाटेचे तीन. जाग आली की मोबाइल घेऊ नका, घड्याळही बघू नका. वेळ कळली की ‘उठायला दोनच तास उरले’ हा नवा हिशेब सुरू होतो. अंथरुणातच सावकाश श्वास घ्या आणि सोडताना, घेताना लागला त्यापेक्षा जास्त वेळ लावत, मनात ‘राम कृष्ण हरि’ म्हणा. अंदाजे वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर पडून तळमळू नका. उठा, पांघरूण अंगावर घेऊन अंधारात किंवा मंद दिव्यात बसा आणि जपाची माळ घ्या. माळ मधल्या बोटावर, अंगठ्याने मणी आपल्याकडे ओढायचा, तर्जनी लावायची नाही. मेरुमणी आला की ओलांडायचा नाही, माळ फिरवून उलट यायचं. एका नामाला तीन सेकंद धरले तर १०८ मण्यांना साडेपाच मिनिटं लागतात. तुमची माळ दोन मिनिटांत होत असेल तर तोंड नाम घेतंय आणि मन पळतंय. दोन माळा पुरेत. मध्ये हप्ता आठवेल, एचआरचा चेहरा आठवेल, आठवू द्या. त्याच्याशी वाद घालू नका, पुढच्या मण्यावर नाम ठेवा. दीडशे वेळा भटकलं तर दीडशे वेळा परत आणा, तोच अभ्यास आहे. ‘एवढे लाख झाले की नोकरी’ असं गणित मात्र मांडू नका, नाहीतर जपाची वही हप्त्याच्या पासबुकासारखी होते. बसल्या बसल्या झोप आली तर खुशाल झोपा. देव रागावत नाही.

आणि हे नीट वाचा. दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन नाही असं असेल तर डॉक्टरकडे जा. छातीतली धडधड तर आधीच दाखवून घ्या, तुमच्या वयात ती भीतीचीच आहे असं गृहीत धरू नका. ‘आपण नसतो तर बरं’ असा विचार एकदाही डोकावला तर त्याच घडीला घरच्या कुणाला तरी सांगा आणि १४४१६ ला फोन लावा. टेलि-मानस ही सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. औषध घेणं म्हणजे भरवसा सुटणं नव्हे. तापाला गोळी घेताना आपण माळ काढत नाही.

बायकोला सांगा. या रविवारी सांगा, मुलगी क्लासला गेली की. आधी वही आणि वरचा हिशेब तयार ठेवा आणि बातमीबरोबर आकडाही त्याच दमात सांगा: ‘लाइन बंद होतेय, घर अकरा महिने नक्की चालतं, मी हे हे करतोय.’ नुसती बातमी दिली तर तिच्यावर तुमचीच पहाट ओढवेल. तिला पहिल्या दिवशी उपाय सुचवायला लावू नका. राग आला तर येऊ द्या, महिनाभर लपवलंत त्याचा तो राग असेल आणि तो तिचा हक्क आहे. खर्चाच्या यादीत कुठे कात्री लावायची हे मात्र तिलाच ठरवू द्या, किराण्याच्या ८,५०० मध्ये काय काय आहे हे तुम्हाला ठाऊक नाही. मुलीलाही सांगा, पण थोडक्यात: बाबांची नोकरी बदलतेय, तुझा क्लास चालू राहील. मुलांना घरातलं दडपण कळतच असतं, कारण कळलं नाही तर ती स्वतःला दोषी धरतात.

मेहुण्याच्या दहा हजारांबद्दल. वारीचं उदाहरण देतो, कारण वारीइतकी मोठी भरवशाची शाळा आपल्याकडे दुसरी नाही आणि तीच किती व्यवस्थित असते बघा. पाऊस किती, ऊन किती, कुणालाच माहीत नसतं. तरी दिंडीचा ट्रक तंबू, भांडी, तांदळाची पोती घेऊन पुढच्या मुक्कामी आधी पोचलेला असतो, टँकर असतो, जेवणखर्चाची भिशी आधी भरलेली असते, आणि प्रत्येक म्हाताऱ्या माउलीच्या पिशवीत प्लास्टिकचा कागद घडी करून ठेवलेला असतो. पावसाचं पांडुरंगावर, कागदाचं आपल्यावर. पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट लागतो, तिथे माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. घाट चढेपर्यंत त्या असतात, वर गेल्यावर सोडतात. ज्ञानोबांच्या पादुका नेणाऱ्या रथाला जोड लावण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

तर मेहुण्याला ‘नको’ म्हणू नका आणि लगेच घेऊही नका. म्हणा, ‘अजून घाट लागलेला नाही. सातव्या महिन्यापर्यंत काही जमलं नाही तर सांगेन. त्या वेळी सहा महिन्यांसाठी घेईन आणि लिहून ठेवीन.’ मुदत आणि रक्कम ठरलेली असली की मदत घेणाऱ्याला ओझं होत नाही, देणाऱ्यालाही पुढचा अंदाज राहतो. नात्यात कटुता येते ती बहुतेक वेळा न बोललेल्या तारखांमुळे.

राहिला माळेचा प्रश्न. भीती वाटली म्हणून माळ काढायची असा नियम वारकऱ्यांच्या कुठल्याही फडावर नाही. माळ घालताना तुम्ही पंढरीची वारी, एकादशी, शुद्ध आचरण कबूल केलंत. ‘मला कधी भीती वाटणार नाही’ असं कबूल केलं नव्हतं. दोरा विरलाय तो मात्र बदला, तुटून मणी घरंगळायची वाट बघू नका. घामाने आणि तेलाने जुना दोरा आधी गाठीपाशी कुजतो, म्हणून मेरुमण्याजवळ नखाने ओढून बघा, तिथे धागे सुटले असतील तर तो आठवडाही काढणार नाही. आळंदी तुम्हाला जवळ आहे. येत्या एकादशीला जा, इंद्रायणीवर हात-पाय धुवा, समाधीचं दर्शन घ्या आणि देवळाजवळच्या माळावाल्याकडून त्याच मण्यांची माळ नव्या दोऱ्यात ओवून घ्या. तुळशीचे मणी जुनेच राहू द्या, ते वापरून गुळगुळीत झालेले असतात. जाताना वहिनींना बरोबर न्या.